गाइड, परीक्षा आणि आपण

(कल्याण येथे महाविद्यालयीन विद्यार्थी व कार्यकर्ते यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



परीक्षा पंधरा दिवसांवर आली की ठाणे, डोंबिवली, कल्याण या स्थानकांबाहेरच्या पुस्तकांच्या दुकानांत गाइडे आणि अपेक्षित प्रश्नसंच यांच्या चळती लागतात. त्यांचा परीक्षेला खरोखर उपयोग होतो काय, हा आजच्या चर्चेचा विषय आहे. प्राध्यापकांना विचारले तर ते नाक मुरडतात. विद्यार्थ्यांना विचारले तर ते म्हणतात, गाइड नसते तर आम्ही उत्तीर्णच झालो नसतो. या दोन्ही उत्तरांपाशी आपल्याला थांबता येणार नाही.

प्रथम गाइड घेणारा कोण, हे पाहिले पाहिजे. मुरबाड-शहापूरकडून येणारा, बारावीपर्यंत मराठीतून शिकलेला, सकाळचे कॉलेज आटोपून भिवंडीच्या गोदामात कामाला जाणारा मुलगा. घरचे पाणी भरून, धाकट्या भावंडांना शाळेत पोहोचवून लोकल गाठणारी मुलगी. सुचवलेला संदर्भग्रंथ बहुधा इंग्रजीत असतो, त्याची किंमत परवडत नाही आणि ग्रंथालयातील मोजक्या प्रतींवर साऱ्या वर्गाचा डोळा असतो. सत्रपद्धतीत तर पुस्तक हाती येईपर्यंत परीक्षाच येऊन ठेपते. अशा विद्यार्थ्याने गाइड घेतले म्हणून त्याला आळशी ठरवणे अन्यायाचे आहे.

ही पोकळी आपोआप निर्माण झालेली नाही. विद्यापीठीय दर्जाची पुस्तके भारतीय भाषांत व्हावीत म्हणून १९६०च्या दशकाच्या अखेरीस केंद्र सरकारने राज्यांना साहाय्य देण्याची योजना आखली. नागपूरच्या महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळाने १९७०च्या दशकात विज्ञान व सामाजिक शास्त्रे यांवरील मराठी पुस्तके प्रसिद्ध केली. तो ओघ पुढे टिकला नाही. शासनाने आणि विद्यापीठांनी जे काम अर्धवट सोडले, ती जागा बाजाराने आपल्या पद्धतीने भरून काढली.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. अमेरिकेतील सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचला. दुसरा उतारा त्यांनी एकदाच वाचला आणि मग तो मिटून आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी पाहिले तेव्हा दोनदा वाचलेला उतारा पुढे होता : त्यातले सुमारे ८१ टक्के आठवत होते, लिहून काढलेल्यातले ७५ टक्के. आठवड्यानंतर चित्र उलटले. दोनदा वाचलेल्यातले ४२ टक्के उरले होते, लिहून काढलेल्यातले ५६ टक्के.

गाइडचे गुणदोष या आकड्यांतून स्पष्ट होतात. रात्री गाइड वाचून सकाळी पेपर लिहिणाऱ्याला त्याचा उपयोग होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु तो उपयोग अल्पजीवी असतो. पुढच्या सत्रात त्याच विषयाचा पुढचा भाग येतो, नोकरीच्या मुलाखतीत साधा प्रश्न विचारला जातो, तेव्हा हाती फारसे राहिलेले नसते. ज्याच्या घरी शिकलेले आईबाप आहेत, शिकवणीची फी भरण्याची ऐपत आहे, तो ही तूट अन्य मार्गाने भरून काढतो. ज्याला गाइडखेरीज दुसरा आधार नाही, त्याचेच नुकसान सर्वांत अधिक होते.

गाइडात दोन गोष्टी असतात : प्रश्न आणि तयार उत्तरे. प्रश्न उपयोगी आहेत, कारण ते आपल्याला आठवायला लावतात. तयार उत्तरे मात्र तो प्रयत्नच काढून घेतात. वाचताना सारे ओळखीचे वाटते आणि ओळखीचे वाटते म्हणजे आपल्याला येते, असा भ्रम होतो.

यावर कोणी म्हणेल, प्रश्नपत्रिकाच ठरावीक असतील आणि ठरावीक उत्तरांनाच गुण मिळत असतील, तर विद्यार्थ्याने वेगळे का वागावे? हा आक्षेप रास्त आहे. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने संगणकाच्या पडद्यावर उत्तरपत्रिका तपासण्याची पद्धत घाईने आणली, निकाल महिनोन्‌महिने रखडले आणि अखेर कुलगुरूंना पदावरून जावे लागले. लाखो उत्तरपत्रिकांचे ढीग उपसणाऱ्या व्यवस्थेत विद्यार्थ्याच्या स्वतंत्र विचाराला किती वाव मिळणार? म्हणून प्रश्नपत्रिका आणि तपासणी यांत सुधारणा व्हावी, ग्रंथालयांत पुरेशा प्रती असाव्यात, मराठीत पाठ्यपुस्तके व्हावीत, या मागण्या आपण लावून धरल्या पाहिजेत.

तथापि मागण्या मान्य होईपर्यंत यंदाची परीक्षा थांबणार नाही. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चे. लोकांनी एकत्र येऊन ज्ञान सर्वांना खुले करण्याची परंपरा या भूमीत जुनी आहे. तिला धरून एक साधे काम प्रत्येक शाखेने हाती घ्यावे. पाच-सहा विद्यार्थ्यांचा गट करावा आणि त्यांनी मिळून एकच गाइड घ्यावे. आठवड्यातून दोन संध्याकाळी, वाचनालयात असो वा कार्यालयात, एकाने प्रश्न वाचावा आणि बाकीच्यांनी पुस्तक मिटून उत्तर लिहावे. मग ती उत्तरे एकमेकांनी तपासावीत, मूळ ग्रंथाशी ताडून पाहावीत. गाइडातील उत्तर सर्वांत शेवटी पाहावे आणि त्यात चूक किंवा उणीव आढळली तर तीही टिपून ठेवावी. इंग्रजी परिच्छेद अडला तर त्याचा अर्थ मराठीत सांगण्याची जबाबदारी आपल्यातील शिक्षक व पदवीधर कार्यकर्त्यांनी घ्यावी.

हे काम परीक्षेच्या आदल्या पंधरवड्यात करून भागणार नाही. सत्राच्या पहिल्या महिन्यातच सुरू झाले पाहिजे. आपल्या शाखेच्या परिसरात असे किती विद्यार्थी आहेत, त्यांना कोणत्या वेळी येणे जमेल आणि बसायला जागा कोण देईल, एवढी माहिती पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने बरोबर आणावी, अशी माझी विनंती आहे.