काजळी, रबर आणि सूक्ष्मतरंग



निरांजनाच्या ज्योतीवर पितळेची वाटी उपडी धरून काजळ करणारी आजी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. कारखान्यात तीच काजळी खनिज तेलाच्या अपुऱ्या ज्वलनातून मिळवितात. आमच्या आयुष्याची पुष्कळ वर्षे तिच्याच संगतीत गेली.

रबर हे विजेचे निरोधक. त्यात काजळी थोडीथोडी कालवीत गेले तर बराच वेळ काहीच घडत नाही. मग एका विशिष्ट प्रमाणाशी रोध एकाएकी लाखो पटींनी कोसळतो. कणाला कण भिडून या टोकापासून त्या टोकापर्यंत साखळी तयार झाली, एवढाच त्याचा अर्थ. अशा पाझराचे गणित ब्रॉडबेंट व हॅमर्स्ली यांनी १९५७ साली मांडले. गोल कण यदृच्छया विखुरले असता हा उंबरठा घनफळाच्या सुमारे १६ टक्क्यांवर येतो. काजळीचे कण घोसांसारखे जडलेले असल्यामुळे प्रत्यक्षात तो पुष्कळदा त्याहून खाली असतो.

परंतु ही झाली बॅटरीच्या विजेची कथा. सूक्ष्मतरंगांचा न्याय निराळा. १० गिगाहर्ट्झ कंप्रतेला विद्युत्क्षेत्र सेकंदात एक हजार कोटी वेळा झोके घेते. दोन कणांमधला रबराचा पातळ पडदा तेथे भिंत राहत नाही, तो धारित्र बनतो. साखळी तुटकी असली तरी प्रवाह कणाकणांत हेलकावतो आणि तरंगाची ऊर्जा उष्णतेत जिरते. म्हणूनच साध्या मापकाला जो तुकडा निरोधक वाटतो, तोच सूक्ष्मतरंग शोषू शकतो.

मग काजळी जितकी अधिक तितके शोषण अधिक, असे आम्हांसही आरंभी वाटे. तसे नाही. संवाहकता फार वाढली की पृष्ठभाग आरशासारखा वागतो. तरंग आत शिरण्यापूर्वीच परततो. एखाद्या यंत्राला बाहेरच्या लहरींपासून आडोसा करावयाचा असेल तर हे चालते. अँटेना तपासण्याच्या प्रतिध्वनिरहित कक्षात चालत नाही. तेथे भिंतींना कार्बन मुरविलेल्या फोमचे सुळके लावतात. निमुळत्या टोकांमुळे तरंगाला एकदम अडथळा भेटत नाही, तो नकळत आत ओढला जातो.

आता एक कबुली. हे मापन ज्या आयताकृती धातूच्या नळीत करतात, तिचे छिद्र २२.८६ × १०.१६ मिलिमीटर असते. नमुना त्यात घट्ट बसावा लागतो. आमचा एक नमुना रुंद भिंतीपाशी केसाएवढा कमी भरला आणि परावैद्युतांक अपेक्षेहून पुष्कळच उतरला. फट डोळ्यांना दिसत नव्हती, आकडा मात्र दिसत होता! आम्ही त्यावर एक सिद्धांत रचला आणि निबंधही लिहून काढला. पाठविण्यापूर्वी, केवळ मनाच्या समाधानासाठी, नमुन्याच्या कडांना चांदीचा लेप देऊन पुन्हा मोजले. एका दुपारीच सारा सिद्धांत निकालात निघाला.

तो निबंध आम्ही फाडला नाही. नव्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी तोच वाचावयास देतो आणि चूक कोठे आहे ते शोधावयास सांगतो.