दोन टीव्ही, एक हॉल: 40 हजारांत नक्की कुठला घ्यायचा?

बसमध्ये, मेसच्या रांगेत किंवा भांडी घासता घासता ऐकणाऱ्या सगळ्यांचं स्वागत. आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा मजकूर. बोलले तसाच ठेवलाय. फक्त माझे 'अं… अं…' आणि मधेच झालेली कुकरची शिट्टी काढून टाकलीय.

आजचा विषय निघाला एका व्हॉइस नोटमुळे. नाशिकचा एक श्रोता आहे, नुकतीच नोकरी लागलीय. म्हणतो, "ताई, घरी 55 इंची टीव्ही घ्यायचाय. बजेट 40 हजार. दोन मॉडेल्सवर अडकलोय. एकावर गेम भारी चालतात, काळा रंग एकदम काळाकुट्ट दिसतो. दुसरा जरा साधा आहे, पण दुकानदार म्हणतो फॅमिलीसाठी हाच न्या. दहा रिव्ह्यू बघितले, डोकं गरगरायला लागलं. कुठला घेऊ?"

मी त्याला उलट विचारलं, "घरी टीव्ही बघताना कोण कुठे बसतं?"

त्याला वाटलं मी विषय टाळतेय. पण हा प्रश्न मी स्वतःला विचारला नव्हता आणि त्याची शिक्षा माझ्या आजीला झाली. ती गोष्ट आधी सांगते, मग टेक्निकल भागाकडे वळू.

2023 ची दिवाळी. मी पुण्यात नोकरीला, घर इचलकरंजीला. पहिला बरा बोनस हातात आला होता. ठरवलं, घरी मोठा टीव्ही घ्यायचा. महिनाभर रिव्ह्यू बघितले, फोनमध्ये तक्ता केला, अगदी परीक्षेसारखा अभ्यास! शेवटी जो घेतला तो खरंच चांगला टीव्ही होता. रात्री लाइट बंद करून सिनेमा लावला की वाटायचं, थिएटर घरी आणलं. मी दोन दिवस राहिले, खूश झाले, पुण्याला परतले.

आमच्या हॉलमध्ये टीव्हीसमोर सोफा आहे आणि बाजूच्या भिंतीला, खिडकीखाली, आजीचा दिवाण. आजी संध्याकाळी त्यावर पाय पसरून मालिका बघते. वर्षानुवर्षं तिची तीच जागा.

पुढच्या उन्हाळ्यात मी आठवडाभर घरी होते. बघते तर संध्याकाळी सात वाजले की आजी दिवाणावरून उठते, प्लॅस्टिकची खुर्ची ओढत हॉलच्या मध्यात आणते आणि त्यावर बसते. गुडघे दुखतायत, पाय खाली लोंबकळतायत, तरी तिथेच. मी म्हटलं, "आजी, दिवाण सोडून इथे का बसलीस?"

म्हणाली, "तिथून सगळ्यांची तोंडं पांढरी फटक दिसतात गं. मोतीबिंदू परत आला वाटतं. म्हटलं कशाला सांगायचं, परत डॉक्टर, परत खर्च."

मी दिवाणावर जाऊन बसले. तिचे डोळे ठीक होते. टीव्हीच तिथून तसा दिसत होता. सहा महिने ती स्वतःच्या डोळ्यांना दोष देत बसली होती आणि चूक माझ्या तक्त्यात होती. त्या तक्त्यात काळा रंग होता, हर्ट्झ होते, एचडीआर होतं. दिवाण नव्हता.

आता हे असं का होतं ते समजून घेऊ. या बजेटमध्ये ओएलईडी विसरा, सगळे एलसीडीच असतात. क्यूएलईडी लिहिलेलं असलं तरी मूळ एलसीडीच. म्हणजे मागे दिवे आणि पुढे द्रवस्फटिकांचा थर, जो खिडकीच्या पट्ट्यांसारखा उघडझाप करून प्रकाश सोडतो किंवा अडवतो. हे पॅनल मुख्यतः दोन प्रकारचं असतं: व्हीए आणि आयपीएस. (वर्दीतले आयपीएस नव्हेत!)

व्हीए पॅनल प्रकाश घट्ट अडवतं. त्याचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे सगळ्यात पांढरा आणि सगळ्यात काळा यांच्यातलं गुणोत्तर, साधारण 3000:1 ते 5000:1 असतो. म्हणून अंधाऱ्या खोलीत सिनेमा सुंदर दिसतो. पण समोरून बाजूला सरकलात की रंग फिके पडायला लागतात. साधारण 30 अंशांनंतर फरक सहज कळतो, आणि आजीचा दिवाण तर 45 अंशांच्याही पलीकडे होता.

आयपीएसचं उलटं. कॉन्ट्रास्ट साधारण 1000:1, म्हणजे अंधारात काळा रंग राखाडी वाटतो. पण बाजूने बघा, दारातून बघा, स्वयंपाकघरातून मान वाकडी करून बघा, चेहऱ्यांचे रंग बऱ्यापैकी तसेच राहतात.

आणि एक गंमत लक्षात घ्या. दिवसा खिडकी उघडी असते किंवा ट्यूबलाइट चालू असते तेव्हा बाहेरचा प्रकाश पडद्यावर पडून काळा रंग तसाही उजळतो. म्हणजे व्हीएचा मोठा फायदा उजेडातल्या हॉलमध्ये बराचसा वाया जातो. मी ज्याचे जास्तीचे पैसे मोजले, ते घरी महिन्यातून दोन रात्री, मी आले की वापरलं जायचं.

बॉक्सवर पॅनलचा प्रकार बहुतेक वेळा लिहिलेलाच नसतो. 'व्ह्यूइंग अँगल 178 अंश' हे मात्र दोन्हींवर लिहिलेलं असतं, त्यामुळे त्यावर जाऊ नका. एकाच मॉडेलच्या नावाखाली 43 इंचाला एक पॅनल आणि 55 इंचाला दुसरं, असंही होतं. म्हणून मी आज मॉडेलची नावं सांगत नाहीये. तुमच्या साइजचा टीव्ही स्वतः बाजूला उभं राहून बघणं, हीच खरी परीक्षा.

दुसरा मुद्दा: घरी टीव्हीवर येतं काय? आपण 4के, 4के करतो. 4के म्हणजे 3840 गुणिले 2160, जवळपास 83 लाख ठिपके. आणि घरी डिश किंवा केबलवर साधं एसडी चॅनल लागलेलं असेल तर त्यात ठिपके 720 गुणिले 576, म्हणजे सव्वाचार लाखांच्या आत. गुणाकार करून बघा, बरोब्बर वीसपट फरक येतो. म्हणजे एका भाकरीच्या पिठात वीस भाकऱ्या थापायच्या! टीव्हीचा प्रोसेसर ते पीठ ताणतो, पण ताणून ताणून किती ताणणार? म्हणून कित्येक घरांत नवा मोठा टीव्ही आला की आईबाबा म्हणतात, "जुन्यावर बरं दिसायचं." ते खोटं बोलत नसतात.

यावर स्वस्त उपाय आहे. आधी सेट-टॉप बॉक्स एचडी आहे का बघा, तो एचडीएमआय केबलनेच जोडलाय का बघा, आणि घरी रोज लागणारे दोन-चार चॅनल्स तेवढे एचडीमध्ये घ्या. आमच्याकडे बॉक्स एचडी होता, पण जुन्या लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरने जोडलेला! एका केबलने जेवढा फरक पडला, तेवढा मॉडेल बदलूनही पडला नसता.

तिसरा मुद्दा हर्ट्झचा, गेमवाल्यांनो इकडे लक्ष द्या. पीएस5 वर 4के आणि 120 फ्रेम्स हवे असतील तर पॅनल खरोखर 120 हर्ट्झचं पाहिजे आणि एचडीएमआय 2.1 चा पोर्ट पाहिजे. 'मोशन रेट 240' वगैरे लिहिलेलं असतं ते जाहिरातीचं गणित, त्यावरून पॅनलचा वेग ठरत नाही. स्पेसिफिकेशनमध्ये 'रिफ्रेश रेट' या शब्दापुढे काय लिहिलंय तेवढंच बघा. पण घरी कन्सोल नाही, मालिका, बातम्या आणि क्रिकेट एवढंच असेल, तर 60 हर्ट्झ पुरतात. सिनेमा तर सेकंदाला 24 फ्रेम्सचाच असतो.

एचडीआरचंही तसंच. या किमतीतल्या बहुतेक टीव्हींवर एचडीआर लिहिलेलं असतं, पण त्याचा अर्थ एवढाच की टीव्हीला तो सिग्नल कळतो. एचडीआर सिनेमे बरेचदा 1000 निट्स प्रकाश धरून तयार केलेले असतात, आणि साधा टीव्ही 300-350 निट्सवर दमतो. लोकल डिमिंग असेल, म्हणजे मागचे दिवे भागाभागाने मंद होत असतील, तर फरक दिसतो. नसेल तर त्या स्टिकरसाठी दोन हजार जास्त देऊ नका.

आणि आवाज! टीव्ही बारीक झाले, स्पीकर गेले खाली, आवाज जातो जमिनीकडे. आपण सबटायटल लावून मोकळे होतो. आजी-आजोबांना मालिकेतलं बोलणं कळत नाही, मग ते आवाज वाढवतात, मग घरात भांडण. दुकानात आवाज मोठा आहे का हे बघू नका, माणसांचं बोलणं स्पष्ट ऐकू येतं का ते बघा. बजेटमधून दोन-तीन हजार वाचत असतील तर एक छोटा साउंडबार घ्या.

आता दुकानात जाल तेव्हा काय करायचं? शोरूममध्ये त्या मोराच्या पिसाऱ्याचा आणि मधाच्या थेंबाचा व्हिडिओ चालू असतो. त्यात कुठलाही टीव्ही छान दिसतो. तो बंद करायला सांगा. पिक्चर मोड 'व्हिविड'वरून 'स्टँडर्ड' किंवा 'सिनेमा'वर आणायला सांगा. पेनड्राइव्हमध्ये दोन क्लिप्स घेऊन जा: एक रात्रीचा प्रसंग आणि एक स्वतःच्या फोनवर काढलेला घरच्यांचा व्हिडिओ. घरच्या माणसाच्या चेहऱ्याचा रंग आपल्याला पाठ असतो, तिथे टीव्ही फसवू शकत नाही. मग बाजूला, घरातल्या सगळ्यात कडेच्या जागेएवढ्या कोनात उभे राहा. दुकानदार हसेल, हसू द्या. आणि जमलं तर रिमोट आईच्या हातात द्या. तिला तिचं चॅनल दोन मिनिटांत सापडलं नाही, तर तो टीव्ही रोज तुम्हाला फोन करायला लावणार.

पैशांचंही एक सांगते. 22 सप्टेंबर 2025 पासून 32 इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला. मूळ किंमत तीच धरली तर आधी 40 हजारांना मिळणारा टीव्ही साधारण 36,900 ला बसतो. म्हणजे साउंडबारचे पैसे तिथेच सुटले.

तर नाशिकच्या मित्रा, तुझं उत्तर. टीव्ही तुझ्या खोलीत लागणार असेल, तू समोर बसणार असशील आणि रात्री गेम खेळणार असशील, तर पहिला घे, बिनधास्त. हॉलमध्ये लागणार असेल आणि घरचे चारी बाजूंनी बसत असतील, तर दुकानदाराचं ऐक, दुसरा घे. हॉल आहे पण सगळे समोरच बसतात, बाजूला कुणीच नाही? मग पुन्हा पहिला चालेल. घरी जा, संध्याकाळी सात ते नऊ गुपचूप बस आणि बघ कोण कुठे बसतंय. हा रिव्ह्यू यूट्यूबवर मिळणार नाही.

आमच्याकडे काय झालं? त्याच रात्री बाबांनी आणि मी सोफा आणि दिवाण यांची अदलाबदल केली. खर्च शून्य. आजी कुरकुरली, कारण खिडकीतला वारा गेला. मग 2025 च्या दिवाळीत मी तो टीव्ही पुण्याच्या फ्लॅटवर आणला, तिथे तो अंधारात मस्त चालतो. घरी 43 इंची, आयपीएसवाला घेतला. या वेळी दुकानात आजीलाही नेलं होतं. तिने टीव्हीकडे आधी समोरून बघितलं, मग काठी टेकत बाजूला गेली, तिथून बघितलं आणि म्हणाली, "हा चालेल. यात सगळे जेवल्यासारखे दिसतात."

दिवाण परत खिडकीखाली गेलाय. प्लॅस्टिकची खुर्ची गच्चीवर, तिच्यावर आता कुरडया वाळतात.

तुमच्या घरी टीव्हीसमोर कोणाची कुठली जागा ठरलेली आहे, व्हॉइस नोट पाठवून नक्की सांगा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत घरी फोन करा आणि टीव्ही नीट दिसतोय का, एवढं विचारा!