तिजोरी पाहायला अयुथयाला
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



मला दहा मिनिटं दिली आहेत. आयुष्यभर बँकेत वेळेवर हिशेब मिटवलाय, त्यामुळे काळजी नसावी.

मुलाकडच्या मंडळींबरोबर बँकॉकला गेलो होतो. ती सगळी खरेदीला निघाली. मी नातवाची सॅक पाठीला लावली, त्यात पाण्याची बाटली नि तिखटमिठाच्या पुऱ्या टाकल्या आणि एकटाच अयुथयाला गेलो. तिसऱ्या वर्गाचं तिकीट वीस बाहत. खिडक्या उघड्या, डब्यात खाऊ विकणाऱ्या बायका. थेट आपली पॅसेंजर! अंतर ऐंशीएक किलोमीटर. स्टेशनसमोर नदी, नावेतून पलीकडे गेलं की गाव. तीन नद्यांनी वेढलेलं हे बेट १३५१ पासून सयामची राजधानी होतं. नाव आपल्या अयोध्येवरून. १७६७ मध्ये ब्रह्मदेशाच्या फौजेने ते जाळलं.

महाथात मंदिरात झाडाच्या मुळ्यांनी वेढलेलं बुद्धाचं मस्तक आहे. फोटो काढताना आपलं डोकं त्याच्यापेक्षा वर असू नये, असा नियम. तरुण पोरं पटकन खाली बसतात. मी बसलो, उठायला मात्र एका जपानी मुलीने हात दिला. आवारात शिर नसलेल्या बुद्धमूर्ती रांगेने बसल्यात. फार वेळ बघवत नाही.

पण मी गेलो होतो शेजारच्या राजबुरानासाठी. बाप वारल्यावर दोघे थोरले भाऊ गादीसाठी हत्तीवरून लढले आणि दोघेही मेले. गादी मिळाली धाकट्याला. (आमच्याकडे लॉकरवरून असे भाऊ रोज यायचे, फक्त हत्ती नसायचे.) त्याने १४२४ मध्ये भावांच्या दहनाच्या जागी हे मंदिर बांधलं आणि मक्याच्या कणसासारख्या शिखराच्या पोटात, तळघरात सोनं पुरलं. शहर जळलं, तरी शत्रूला त्याचा पत्ता लागला नाही. ५३३ वर्षं ती तिजोरी शाबूत होती! १९५७ मध्ये चोरांनी खणून ती फोडली. चोर परके नव्हते, तिथलेच. काही पकडले गेले, थोडा माल मिळाला, बराचसा गेला तो गेलाच. मग सरकारी पुरातत्त्व खात्याने खणून उरलेलं बाहेर काढलं. तिथे छोट्या बुद्धप्रतिमाही ढिगाने सापडल्या. त्या देणगीदारांना देऊन जमलेल्या पैशातून १९६१ मध्ये संग्रहालय उभं राहिलं. वर्गणी गोळा करणाऱ्या आपल्या कमिटीने हे जरूर ऐकावं! रत्नजडित मुठीची तलवार नि गुडघे टेकलेला सोन्याचा हत्ती तिथे पाहिला. पुष्कळ वेळ त्या काचेपुढे उभा होतो. जे गेलं ते कसं असेल, हेच डोक्यात येत होतं.

त्या तळघरात उतरता येतं. जिना अरुंद नि फार उभा. कठडा धरून, एकेक पायरी करत गेलो. खाली उकाडा, रिकामी कोठडी आणि भिंतीवर पुसट झालेली चित्रं.

कुणाला जायचं असेल तर सकाळची गाडी धरा, टोपी घ्या. जिना उतरायचा की नाही, ते तिथे पोचल्यावर गुडघ्यांना विचारा.