मनिऑर्डरवरचा संसार आणि त्याचा हिशेब

रत्नागिरी जिल्ह्यातील कुटुंबाचा विचार करताना घर आणि कामाची जागा एकाच गावात असते, असे गृहीत धरून चालत नाही. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत इथल्या असंख्य घरांची चूल गावात आणि कमाई मुंबईत राहिली, आणि ही दोन टोके जोडून ठेवण्याचे काम पैशाने जितके केले तितकेच पत्राने, निरोपाने आणि हिशेबाने केले. रत्नागिरी तालुक्यातील पाली हे गाव या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. बल्लाळेश्वराचे पाली रायगड जिल्ह्यात आहे. हे पाली लक्ष्मीपल्लीनाथाचे. मुंबई-गोवा महामार्गावर हातखंब्याच्या पुढे लांज्याकडे जाताना ते लागते, आणि नाणीज, साखरपा, आंबा घाट या वाटेने कोल्हापूरला जाणारा रस्ता इथेच वेगळा होतो. त्यामुळे आसपासच्या वाड्यांना मुंबईची गाडी, बाजारहाट आणि बाहेरच्या जगाची खबर या तिन्ही गोष्टी दीर्घकाळ या रस्त्यावरूनच मिळत आल्या.

माणसे मुंबईला का गेली, याचे उत्तर जमिनीत आहे. या भागात भाताची शेते थोडी आणि बाकी बहुतेक जमीन वरकस, म्हणजे डोंगरउताराची, नाचणी-वरीपलीकडे फारसे न देणारी. पीक पावसाळ्याचे एकच. त्यात खोती, म्हणजे गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणाऱ्या आणि कुळांकडून धान्याच्या रूपात त्याहून बरेच अधिक घेणाऱ्या खोताची सत्ता. ही पद्धत बंद करण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले, आणि प्रत्यक्ष कायदा १९४९ मध्ये झाला. तोवर कुळांच्या कित्येक पिढ्यांनी गिरणीची वाट धरली होती. मुंबईतील पहिली कापड गिरणी १८५६ मध्ये चालू झाली आणि पुढे गिरणगाव ज्या माणसांनी भरले त्यांत रत्नागिरीकरांचा वाटा फार मोठा होता. गावी शेत, घर आणि म्हातारी माणसे ठेवून मुंबईत नोकरी करणाऱ्या या माणसाला कोकणात चाकरमानी म्हणतात. त्याच्या जाण्याची खूण जनगणनेतही उमटलेली आहे: २०११ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या, आणि २००१ च्या तुलनेत जिल्ह्याची एकूण लोकसंख्या घटून सुमारे १६ लाख १५ हजारांवर आली होती.

या संसाराचे मुख्य साधन मनिऑर्डर. १८८० मध्ये टपाल खात्याने ही सेवा आपल्या हाती घेतली, आणि पगार झाला की पोस्टाच्या खिडकीशी रांग लावणे हा गिरणी कामगाराच्या महिन्याचा भाग झाला. मनिऑर्डरच्या अर्जाची रचना या संदर्भात नीट पाहिली पाहिजे, कारण तिच्यात एक शहाणपण होते. अर्जाच्या तळाशी एक छोटे कूपन असे, त्यावर पाठवणाऱ्याला दोन-चार ओळी लिहिता येत, आणि पोस्टमन पैसे देताना ते कूपन फाडून घरच्यांच्या हाती ठेवी. जागा एवढी अपुरी की खुशालीचे शब्द झाले की लगेच कामाचे लिहावे लागे: इतके दुकानदाराचे, इतके फीचे, इतके छपरासाठी, उरलेले ठेवावे. घरी सही किंवा अंगठा झाला की त्याची पोच, म्हणजे पैसे मिळाल्याची पावती, टपालाने परत मुंबईला जाई, आणि त्या अंगठ्याच्या ठशावरून घरी सर्व ठीक असल्याची खात्री पटे. पैसा, त्याचे प्रयोजन आणि तो पोचल्याची साक्ष, या तिन्ही गोष्टी एकाच कागदात बांधणारी अशी व्यवस्था साध्या माणसांच्या वाट्याला क्वचितच आली असेल.

या व्यवस्थेतील उणीवही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवी. मनिऑर्डर बहुधा वडिलांच्या किंवा थोरल्या भावाच्या नावे येई, आणि ज्या स्त्रीने शेत लावले, गुरे राखली, सासू-सासऱ्यांचे औषधपाणी केले, तिला त्यातील रक्कम कळे ती दुसऱ्याच्या तोंडून. ज्या घरात कोणालाच वाचता येत नसे तिथे पोस्टमनच पत्र वाचून दाखवी आणि पुष्कळदा उत्तरही लिहून देई. पत्र ओटीवर, सर्वांसमक्ष वाचले जाणार हे नवऱ्यालाही ठाऊक असल्याने बायकोसाठी त्यात काही लिहिणे त्याला जवळजवळ अशक्यच होते. म्हणजे ज्या दोन माणसांच्या श्रमावर घर चालले होते त्यांच्यातच थेट बोलण्याची सोय नव्हती. चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला गावी येई, परंतु ते थोडे दिवस सणाचे, पालखीचे, गावकीच्या बैठकांचे आणि भाऊबंदकीतील वादांचे. त्यात नवरा-बायकोने वर्षाचा जमाखर्च मांडून बसावे, इतकी उसंत बहुतेक घरांत नसे.

मुंबईच्या टोकाला परिस्थिती वेगळी होती, कारण तिथे स्त्रियांच्या कामाला पैशाचे रूप आले होते. एकाच गावची माणसे मंडळ करून भाड्याची एक खोली घेत, पाळीपाळीने तिथे झोपत आणि जेवायला खानावळीत जात. ही खानावळ म्हणजे बहुतेक वेळा एखाद्या कामगाराच्याच घरातील बाई आपल्या खोलीत दहा-वीस माणसांना जेवू घालून चालवीत असलेला व्यवसाय. वाण्याकडून ती महिनाभर उधारीवर धान्य घेई आणि जेवणाऱ्यांकडून पगारानंतर पैसे घेई, त्यामुळे व्याजाचा भार तिच्यावर पडे. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी या बायकांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि त्यांना स्वतःच्या नावावर बँकेचे कर्ज मिळवून दिले. या घटनेचे महत्त्व कर्जाच्या रकमेपेक्षा नावात आहे, कारण जे काम घरकाम समजून मोजलेच जात नव्हते त्याला बँकेच्या कागदावर धंदा म्हणून प्रथमच स्थान मिळाले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांचा पगार थांबला, तेव्हा अनेकांनी गाव गाठले. ज्या शेतीला जोडउत्पन्न समजले जात होते तिच्यावर, म्हणजे मागे राहिलेल्या स्त्रियांच्या कष्टांवर, त्या काळात कित्येक घरे तगली.

आंब्याच्या धंद्यात हीच गोष्ट दुसऱ्या रूपात दिसते. रत्नागिरीच्या बागायतदाराने माल मुंबईच्या, पुढे वाशीच्या, दलालाकडे पाठवायचा आणि विक्रीनंतर दलालाने पट्टी पाठवायची, अशी जुनी रीत आहे. पट्टी म्हणजे किती पेट्या आल्या, काय भावाने गेल्या, हमाली, वाहतूक आणि पूर्वी आडतही, म्हणजे दलालाची टक्केवारी, किती वजा झाली, आणि निव्वळ किती येणे राहिले, याचा कागद. हंगामाआधी फवारणी आणि राखणीसाठी दलालाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते आणि तीही त्यातूनच फिटते. फळांच्या विक्रीवरील आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी, असा बदल महाराष्ट्रात २०१६ मध्ये झाला. तो योग्यच होता, पण दर वर्षी उचल घेणारा बागायतदार त्याच दलालाशी बांधलेला राहतो आणि भाव विचारण्याचे त्याचे बळ कमी होते, ही अडचण कायद्याने संपलेली नाही. तिच्यावर उपाय एकच, तो म्हणजे पट्ट्या सांभाळणे, त्या घरात मोठ्याने वाचणे आणि एका हंगामाची दुसऱ्याशी तुलना करणे. झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, उतरवलेला आंबा निवडून, पेंढा घालून पेटी भरणाऱ्या स्त्रीला कोणत्या प्रतीचे फळ किती निघाले हे घरात सर्वांहून जास्त कळते, आणि तरीही पट्टी पुष्कळदा तिच्या हाती पडत नाही. ज्ञान एका माणसाकडे आणि आकडे दुसऱ्याकडे असतील तर धंद्यातील तोटा कोणालाच वेळेवर दिसत नाही.

पुढे नाक्यानाक्यावर टेलिफोनचे बूथ आले, मग प्रत्येकाच्या हाती मोबाईल आला, आणि २०१५ मध्ये टपाल खात्याने जुन्या पद्धतीची मनिऑर्डर बंद केली. आता पैसे क्षणात खात्यावर जमा होतात आणि पती-पत्नी कोणाच्या मध्यस्थीशिवाय रोज बोलू शकतात, ही निःसंशय मोठी प्रगती आहे. मात्र कूपनावर जे लिहावेच लागे, म्हणजे हा पैसा कशासाठी आणि उरेल त्याचे काय, ते आता लिहिले जात नाही आणि बोलण्याच्या ओघात बाजूलाच राहते. हाच प्रश्न आज रत्नागिरीच्या बागांतही नव्याने उभा आहे, कारण पावसाळा संपला की राखणीसाठी आणि आंब्याच्या कामासाठी इथे नेपाळी मजूर येतात, हंगाम उरकून परत जातात आणि कमाई तिकडे पाठवतात. एके काळी मुंबई रत्नागिरीसाठी जे होती ते रत्नागिरी आता दुसऱ्या एका डोंगराळ मुलखासाठी झाली आहे. म्हणून आपल्या गड्याचा हिशेब लेखी आणि वेळेवर देणे, हे चाकरमान्यांच्या या जिल्ह्यावर इतर कोणाहून अधिक बंधनकारक आहे.

घरातल्या हिशेबात स्त्रीला स्थान मिळावे यासाठी सरकारी कागदानेही थोडी वाट करून ठेवलेली आहे. सातबाऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या हक्काच्या उताऱ्यावर, पतीच्या हयातीत पत्नीचे नाव लावता यावे यासाठी लक्ष्मीमुक्ती योजना १९९२ पासून आहे. शेतकरी संघटनेच्या चळवळीतून ती पुढे आली. घराच्या नोंदीत पती-पत्नी दोघांची नावे असावीत, असे धोरण शासनाने २००३ मध्ये जाहीर केले. कोकणातील सातबारा भाऊबंदांच्या सामाईक नावांनी भरलेला असतो आणि त्यातले अनेक मुंबईत असतात, त्यामुळे हे काम इतर भागांपेक्षा इथे अधिक किचकट ठरते. परंतु सगळे हिस्सेदार गावात एकत्र असण्याचे दिवसही वर्षातून येतातच. पाली आणि आसपासच्या गावांतील ज्या श्रोत्यांचे आप्त येत्या गणपतीला घरी येणार आहेत त्यांनी, सुट्टीचे दिवस वगळून, एक सकाळ तलाठी कार्यालयासाठी आणि एक ग्रामपंचायतीसाठी आधीच राखून ठेवावी, आणि घरातील स्त्रीचे नाव लावण्याचा अर्ज तिला बरोबर नेऊन, तिच्या हातून द्यावा.