एक अळी, दोन धडे

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला बजावलं आहे, "तू जीवशास्त्र शिकवतोस, तर विज्ञानावर दहा मिनिटं बोल. पण पंगत तयार आहे, हे लक्षात ठेव." म्हणून लांबण लावत नाही. डायनासोर आणि जिराफाची मान बाजूला ठेवतो. आपल्यातले निम्मेअधिक जण आजही शेतीशी बांधलेले आहेत, त्यामुळे आपल्या सगळ्यांच्या ओळखीच्या एका जिवाबद्दल बोलतो. तो जीव म्हणजे गुलाबी बोंडअळी.

शाळेत उत्क्रांती एका धड्यात असते आणि परिसंस्था दुसऱ्या धड्यात. पहिल्यात डार्विन आणि त्याची दाढी. दुसऱ्यात गवत, नाकतोडा, बेडूक, साप, घार. परीक्षेत दोन वेगळे प्रश्न येतात आणि आपण दोन वेगळी उत्तरं पाठ करतो. कपाशीच्या शेतात मात्र हे दोन धडे वेगळे नाहीत. ते वेगळे समजल्याची किंमत आपल्या विदर्भाने मोजली आहे.

ही अळी परकी नाही. १८४२ साली भडोच भागातल्या कपाशीवर ती सापडली आणि पुढच्याच वर्षी तिचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झालं. अळी बोंडात शिरली की तिने पाडलेलं छिद्र बुजून जातं. मग वरून कितीही फवारा, आत काही पोहोचत नाही. म्हणून २००२ साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली तेव्हा शेतकऱ्याला हायसं वाटलं. मातीतल्या एका जिवाणूचं जनुक कपाशीत घातलेलं. झाड स्वतःच एक प्रथिन तयार करतं, ते खाल्लं की अळीच्या आतड्याला छिद्रं पडतात आणि ती मरते. २००६ मध्ये दोन जनुकांचं वाण आलं. सुरुवातीची वर्षं बोंडअळीसाठीच्या फवारण्या खरोखर कमी झाल्या.

मग २०१० मध्ये गुजरातेतून बातमी आली, की पहिल्या जनुकाला गुलाबी अळी दाद देत नाही. काही वर्षांत दुसऱ्यालाही दाद देईना. २०१७ साली आपल्याकडे काय झालं ते सांगायला नको. बोंड फोडलं की आत अळी. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर मेले. ती माणसं आपल्या भोवतालचीच होती.

तेव्हापासून एक वाक्य मी पारावर, बसमध्ये, लग्नाच्या मांडवात ऐकतो, "अळीला आता बीटीची सवय झाली." हे वाक्य ऐकायला बरोबर वाटतं, पण ते चूक आहे. एकाही अळीला सवय झाली नाही. सवय व्हायला जगावं लागतं, आणि बीटी खाल्लेली साधी अळी जगतच नाही. घडलं ते असं. समजा, लाखभर अळ्यांत एक-दोन अळ्या जन्मतःच थोड्या वेगळ्या होत्या. ते प्रथिन आतड्यात जिथे चिकटतं, ती जागाच त्यांच्यात बदललेली होती. हा बदल बीटीमुळे झाला नाही, तो आधीपासूनच होता. बीटी नव्हतं तोवर त्या वेगळेपणाचा त्यांना काही उपयोग नव्हता. बीटी आलं, बाकीच्या मेल्या, या उरल्या. पुढची पिढी उरलेल्यांचीच. महिनाभरात एक पिढी होते, म्हणजे एका हंगामात कितीतरी पिढ्या. डार्विनने १८५९ साली ज्याला नैसर्गिक निवड म्हटलं, ती हीच. फरक एवढाच, की इथे निवड करणारे आपण होतो.

हे होणार, हे शास्त्रज्ञांना आधीच माहीत होतं. त्यावरचा उपाय बियाण्याच्या पिशवीतच दिलेला होता. बीटीच्या ४५० ग्रॅम बियाण्यासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाण्याचं लहान पाकीट यायचं. शेताच्या कडेने पाच ओळी किंवा वीस टक्के क्षेत्र, यांपैकी जे जास्त असेल तेवढ्यावर ते लावायचं. का, ते फार थोड्यांना कोणी समजावून सांगितलं. आपल्या सरांनी मेंडेलचे उंच आणि बुटके वाटाणे फळ्यावर काढून शिकवले होते. तेच इथे लावा. प्रतिकाराचा गुण बहुतांशी अप्रभावी असतो, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून आला तरच अळी वाचते. बिगर-बीटीच्या ओळींत साध्या अळ्या मजेत वाढतात, त्यांचे हजारो पतंग होतात. बीटीतून वाचलेला एखादा पतंग त्यांच्यापैकी कोणाशी तरी जोडी जमवतो. पिल्लांना तो गुण एकाच बाजूने मिळतो आणि ती बीटीवर मरतात. थोडक्यात, त्या पाच ओळी अळ्यांना खाऊ घालण्यासाठीच होत्या.

शेतकऱ्याने त्या लावल्या नाहीत, म्हणून त्याला दोष देणं सोपं आहे. पण तीन एकरवाल्याला तुम्ही सांगता, की पाच ओळी किडीला सोड, आणि का सोडायच्या ते सांगत नाही. वर त्या पाकिटातलं बी धड उगवत नाही, अशाही तक्रारी होत्या. त्याने पाकीट बांधावर टाकलं, यात नवल काय? ज्या कारणासाठी ते पाकीट दिलं होतं, ते कारण त्याच्यापर्यंत पोहोचलंच नाही. दहावीच्या पुस्तकात ते परीक्षेपुरतं राहून गेलं.

आता दुसरा धडा, परिसंस्थेचा. कपाशीवर हिरवी बोंडअळीही येते, जिला आपण अमेरिकन बोंडअळी म्हणतो. तिच्यावर बीटी अजून बऱ्याच अंशी चालतं. शेत तेच, वाण तेच, मग एक सुटली आणि दुसरी का नाही सुटली? याचं एक मोठं कारण तिच्या ताटात आहे. हिरवी अळी तूर खाते, हरभरा खाते, टोमॅटो खाते. तिथे बीटी नाही. तिथल्या साध्या अळ्या जगतात आणि त्यांचे पतंग कपाशीतून वाचलेल्यांत मिसळतात. आपल्या बापजाद्यांनी कपाशीत तुरीच्या ओळी घेतल्या, त्या डाळीसाठी. त्यातून हिरव्या अळीपुरता आश्रय आपोआप मिळाला. गुलाबी अळी मात्र जवळजवळ कपाशीवरच जगते. शिवारभर एकच पीक आणि तेही सगळं बीटी. साध्या अळीला जगायला जागाच उरली नाही. कोण काय खातं, हे परिसंस्थेच्या धड्यात येतं. कोण उरतं, हे उत्क्रांतीच्या धड्यात येतं. पण दुसऱ्याचं उत्तर पहिल्यावरच ठरतं.

आणि हेच एकाच पिकावर जगणं गुलाबी अळीची दुखरी नसही आहे. कपाशी नसेल तर तिला खायला नाही. डिसेंबरअखेर शेत मोकळं केलं, तर जूनपर्यंत तिची साखळी तुटते. पण आपण चार क्विंटल जास्तीच्या आशेने फरदड घेतो, पऱ्हाट्या सरपणासाठी बांधावर रचतो, जिनिंगमध्ये सरकी पडून राहते. या सगळ्यात अळी सुप्तावस्थेत बसते आणि नव्या हंगामात आधी हजर होते. शिवाय उठसूट फवारणी केली की ढालकिडा, क्रायसोपा, ट्रायकोग्रामा हे मित्रकीटक आधी मरतात. अळी बोंडात सुरक्षित, आणि तिला खाणारे बाहेर मेलेले!

हे जमू शकतं, याचा दाखला आहे. अमेरिकेतल्या ॲरिझोनात १९९६ पासून बीटी कपाशी आहे. तिथे बिगर-बीटी क्षेत्र राखलं गेलं, पुढे वंध्य केलेले पतंग मोठ्या प्रमाणावर सोडले गेले आणि २०१८ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने आपल्या कपाशीतून गुलाबी बोंडअळी हद्दपार झाल्याचं जाहीर केलं. तिथली मोठी शेतं आणि पाण्याची सोय आपल्याकडे नाही, हे मान्य. पण अळी तीच आहे आणि नियमही तेच आहेत.

मित्रांनो, २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला. ओझं कमी करायचं, असं कारण दिलं गेलं. पुढे बारावीला तो आहे, पण दहावीनंतर किती मुलं जीवशास्त्र घेतात? जे शेतात जाणार आहेत, त्यांनाच हा धडा सर्वांत आधी लागणार आहे.

म्हणून माझी आपल्या बॅचला एक विनंती आहे. शाळेला भेट म्हणून घड्याळ, पंखे आपण देऊच. त्यासोबत दरवर्षी काही कामगंध सापळे देऊ या. आठवी-नववीच्या मुलांनी ते जवळच्या शेतात लावावेत, रोज सकाळी पतंग मोजावेत आणि आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावेत. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ-आठ पतंग आले, तर फवारणीचा विचार करायची वेळ आली, असं मानतात. तोवर पंप खाली ठेवता येतो. आणि आपल्यापैकी जे कपाशी लावतात, त्यांनी डिसेंबरअखेर शेत मोकळं करायचं आपसांत ठरवावं. एकट्याने करून भागत नाही, कारण पतंगाला धुरा कळत नाही.

ज्या गुरुजनांनी आम्हाला "पाठ करू नका, समजून घ्या" असं सांगितलं, ते आज समोर बसले आहेत. सर, मॅडम, त्या सांगण्याचा अर्थ शेतात गेल्यावर कळतो.

आता जेवायला चला.