जवानांच्या शिध्याचा ठेका आणि आपल्या मंडळाचे नाव
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



दरवर्षी आजच्या दिवशी आपण वर्षाचा हिशेब वाचतो, हळदीकुंकू करतो आणि कोणीतरी एखाद्या विषयावर दोन शब्द बोलते. यंदा विषय शोधावा लागला नाही. तो आपल्या दारात चालून आला. मागील महिन्यात एक पुरवठादार गृहस्थ मंडळात येऊन गेले, हे बहुतेकींना ठाऊक आहेच. जवानांच्या सरावाचे शिबिर भरायचे आहे, त्याला सकाळची न्याहारी, पोळ्या आणि ताजी भाजी पुरविण्याची निविदा निघेल, ती आपल्या मंडळाने भरावी, असे त्यांचे म्हणणे. पुढे ते म्हणाले, "ताई, तुम्ही फक्त सह्या करा. नाव तुमचे, काम आमचे. शंभराला दोन रुपये मंडळाला घरबसल्या मिळतील." याचा निर्णय येत्या सभेत व्हायचा आहे. त्याआधी मी विचारपूस करून, कागद वाचून जे समजून घेतले, ते आपल्यापुढे ठेवते. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई आहे; मला जे वाचता आले ते आपणां सर्वांना वाचता येईल.

फौजेचा सराव म्हटला की बंदुका आणि तंबू डोळ्यांपुढे येतात. पण जिथे हजार माणसे महिनाभर राहायची, तिथे आधी पाणी लागते, भाजी लागते, दूध लागते, गाड्या लागतात, भांडी घासणारे हात लागतात. आपल्या मुलखाला ही गोष्ट नवी नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, जंगलातील लढाईचे शिक्षण देण्यासाठी फौजेची एक सबंध डिव्हिजन छिंदवाड्याला ठेवली होती. त्या काळी छिंदवाडा आणि आपला चांदा जिल्हा एकाच प्रांतात होते. आज भद्रावतीला आयुध निर्माणी आहे आणि तिने चांदा हे जुने नाव अजून टिकविले आहे. विसापूरजवळ २०१९ पासून सैनिक शाळा आहे. गडचिरोलीकडे १९९० पासून पोलिसांचे सी-६० पथक आहे. तेव्हा शिस्तीने राहणाऱ्या, वेळेवर जेवणाऱ्या माणसांना अन्न पुरविण्याचे काम आपल्या दोन्ही जिल्ह्यांत निघत राहणार.

फौजेचा शिधा दोन वाटांनी येतो. डाळ, साखर, तेल असे कोरडे सामान संरक्षण मंत्रालयाची खरेदी संस्था एकदम मोठ्या प्रमाणावर घेते. भाजीपाला, फळे, दूध असा ताजा माल मात्र जागच्या जागी ठेक्याने घेतला जातो. आपल्यासारख्यांना वाव आहे तो या दुसऱ्या वाटेवर.

आता प्रश्न असा, की त्या गृहस्थांपाशी गाड्या आहेत, भांडवल आहे, माणसे आहेत. मग त्यांना आपले नाव कशाला हवे? याचे उत्तर कायद्यात आहे. लहान उद्योगांकडून खरेदी करण्याविषयी केंद्र सरकारचा २०१२ चा आदेश आहे. २०१८ साली त्यात दुरुस्ती झाली. केंद्राच्या खात्यांनी आणि कंपन्यांनी आपल्या वर्षाच्या खरेदीपैकी शेकडा २५ खरेदी सूक्ष्म व लघुउद्योगांकडून करावी आणि त्यातही शेकडा ३ स्त्रियांच्या मालकीच्या उद्योगांकडून करावी, असे त्यात आहे. अशा उद्योगांना बयाण्याची रक्कम भरावी लागत नाही. सर्वांत कमी दरापेक्षा त्यांचा दर शेकडा १५ पर्यंत जास्त असला, तरी तो कमी दर कबूल करून मालाचा काही भाग पुरविण्याची त्यांना संधी मिळते. मात्र ही सवलत स्वतः माल तयार करणाऱ्याला किंवा सेवा देणाऱ्याला आहे. इकडून घेऊन तिकडे विकणाऱ्या व्यापाऱ्याला ती नाही. म्हणजे सरकारने जी फट आपल्यासाठी ठेवली, तिच्यातून आत शिरायला त्यांना आपला पदर हवा आहे.

हे मी नुसत्या संशयाने बोलत नाही. आपल्याच महाराष्ट्रात हे घडलेले आहे. अंगणवाडीतील बालकांच्या आहाराचे उदाहरण पाहा. ठेकेदारांना हे काम देऊ नये, शक्यतो गावसमूह, बचत गट आणि महिला मंडळे यांच्यामार्फत ते करावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००४ मध्ये दिला. आदेश आपल्यासाठी होता. पण काय झाले? न्यायालयाने नेमलेल्या आयुक्तांच्या कार्यालयाने २०१२ साली महाराष्ट्राची पाहणी करून सांगितले, की मंडळांच्या नावांच्या मागे मोठे खाजगी उत्पादकच काम करीत आहेत. पुढे २०१६ च्या निविदेत अटीच अशा घातल्या गेल्या, की खऱ्या बचत गटांना आत पाऊल टाकता येऊ नये. त्या निविदेविरुद्ध बचत गटांच्या बायका सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये न्यायालयाने तो ठेका रद्द केला. भगिनींनो, सही देणाऱ्याही बायकाच होत्या आणि भांडणाऱ्याही बायकाच. आपले मंडळ कोणत्या ओळीत बसावे, एवढेच ठरवायचे आहे.

काहीजणी म्हणतील, शंभराला दोन मिळतात ते काय वाईट? मंडळाच्या खोलीवर पत्रे पडतील. या भगिनींना मी उन्हाळ्यातील तेंदूपत्त्याची आठवण देते. पहाटे उठून पाने तोडायची, ७० पानांचा पुडा बांधायचा, फळीवर नेऊन मोजून द्यायचा, हे आपल्या घरोघरचे काम. वर्षानुवर्षे पाने आपली आणि हिशेब दुसऱ्याचा, असेच चालले. वनहक्काचा कायदा २००६ साली आला, त्यानंतर ग्रामसभा पुढे सरल्या. मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने स्वतःच्या हाती मिळाले आणि तिने आपला बांबू आपण विकला. आज कितीतरी ग्रामसभा तेंदूपत्त्याची निविदा स्वतः काढतात आणि ठेकेदार त्यांच्यापुढे दर घेऊन उभे राहतात. ज्या मुलखातील माणसे हे शिकली, त्या मुलखातील मंडळाने दोन रुपयांसाठी सही उसनी द्यावी काय?

शिवाय सहीबरोबर जबाबदारी जाते. आता निविदा संगणकावर भरतात. त्यासाठीची डिजिटल सही पेनड्राइव्हसारख्या एका लहान तुकड्यात असते. तो तुकडा दुसऱ्याच्या खिशात गेला, की आपल्या नावाने काय भरले जाते ते आपल्याला कळतही नाही. भाजी सडकी निघाली, पोळी कच्ची राहिली, जवान आजारी पडले, तर नोटीस मंडळाच्या पत्त्यावर येईल, दंड मंडळाला होईल आणि काळ्या यादीत नाव मंडळाचे जाईल. १९६२ साली चीनचे आक्रमण झाले, तेव्हा देशभरच्या बायकांनी जवानांसाठी सोने दिले, स्वेटर विणून पाठविले. ते दान होते. त्यात टाका चुकला तरी कोणी बोलले नाही. ठेक्यात वजन, वेळ आणि दर्जा लिहून दिलेला असतो. पण दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे: ते अन्न, ते कापड ज्याच्या अंगी लागते तो कोणाचा तरी मुलगा असतो. त्याच्या ताटात काय पडते हे ज्या बाईने पाहिलेच नाही, तिने त्या कागदावर सही करू नये.

आता दुसरी बाजूही सांगते. ठेका घेऊच नये, असे माझे मत मुळीच नाही. आपल्याला झेपेल तेवढा अवश्य घ्यावा. तो झेपतो की नाही, हे कागदावर मांडून पाहू. समजा, ६०० माणसांना रोज चार-चार पोळ्या द्यायच्या. झाल्या २४०० पोळ्या. सवयीची बाई तासाला साठेक पोळ्या करते. तेव्हा वीस बायकांचे दोन तासांचे काम. एवढे हात आपल्यात आहेत. किलोभर पिठात पंचवीस पोळ्या धरल्या, तर रोजचे ९६ किलो पीठ लागेल. खरी अडचण याच्या पुढे आहे. लहान उद्योगाचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावेत असे २००६ चा कायदा सांगतो. पण ते ४५ दिवस आपल्याला आपल्या पैशांवर काढावे लागतील. ४५ दिवसांचे पीठ झाले ४३२० किलो. त्यावर तेल, गॅस, गाडीभाडे आणि बायकांची मजुरी. एवढी उधारी कोणता किराणावाला देईल? शिवाय काम मिळाल्यावर सुरक्षा ठेव ठेवावी लागते ती वेगळी. आपली बचत आपणां सर्वांना ठाऊक आहे. म्हणून ६०० माणसांचा ठेका आज आपला नव्हे. साठ माणसांची न्याहारी, चटणी, लाडू, पापड, ज्वारीचे पीठ, हे आपले. २०२३ साली सेनेने जवानांच्या शिध्यात ज्वारी, बाजरी, नाचणीचे पीठ पन्नासहून अधिक वर्षांनी परत आणण्याचे जाहीर केले. ज्वारी निवडणे-दळणे आपल्याला कोणी शिकवायला नको.

तेव्हा येत्या सभेसाठी माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, मंडळाचा शिक्का, कोरे कागद, बँकेचे पुस्तक आणि डिजिटल सही मंडळाच्या कपाटाबाहेर जाणार नाही, असा ठराव लिहून घ्यावा. मग मागणारा कितीही ओळखीचा असो. दुसरी, उद्योगाची नोंदणी आणि खाद्यपदार्थांची नोंदणी या वर्षात आपल्या नावे करून घ्यावी. संगणकावर निविदा वाचण्यास दोन मुलींना बसवावे आणि त्यांनी दर महिन्याला सभेत मोठ्याने वाचून दाखवावे. तिसरी, पहिले काम लहान घ्यावे, वेळेवर द्यावे आणि त्याचा हिशेब याच सभेत, याच फळ्यावर मांडावा. शेजारच्या गावांतील गट तयार असतील, तर पुढच्या वर्षी चार गटांनी मिळून मोठ्या कामास हात घालता येईल. चौघींच्या डोक्यावरचे ओझे एकीला जड जात नाही.

त्या गृहस्थांना उलट बोलण्याचे कारण नाही. त्यांना सरळ कळवावे, की गाडी भाड्याने हवी असेल तेव्हा आम्ही तुमच्याकडे येऊ आणि ठरलेले भाडे रोख देऊ. नाव मात्र भाड्याने मिळणार नाही. इतक्या वर्षांत या मंडळाने मोठी माया जमविली नाही. पण बँकेत आणि बाजारात आपले नाव घेतले तर कोणी तोंड फिरवीत नाही. तेच आपले भांडवल आहे आणि ते राखूनच पुढचा व्यवहार करावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेते.

जय हिंद.