‘आमचं’ दुकान

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



‘आमचा वाणी’ असं आपण सहज म्हणून जातो. ‘आमचा मॉल’ असं सहसा कुणी म्हणत नाही. वाण्याला ‘आमचा’ म्हणण्यामागे वर्षानुवर्षांची ये-जा असते, वहीवरची उधारी असते, ‘आजींची तब्येत कशी आहे?’ ही चौकशी असते. पण हा आपलेपणा कितपत पक्का असतो? कठीण वेळ आली तर तो टिकतो का? या प्रश्नासाठी आज मी तुम्हाला थेट स्कॉटलंडमधल्या एका इटालियन दुकानात नेणार आहे.

एडिंबरा शहरातून लीथ बंदराकडे एक लांब रस्ता उतरतो. त्याचं नाव लीथ वॉक. या रस्त्याच्या वरच्या टोकाला, एल्म रो इथे, १९३४ साली ‘वाल्वोना अँड क्रोला’ हे दुकान सुरू झालं. अशा दुकानाला तिकडे डेलिकटेसन, किंवा थोडक्यात डेली म्हणतात. चीज, खारवून वाळवलेलं मांस, ऑलिव्ह, तेल, पास्ता, कॉफी, वाइन असा सगळा माल तिथे मिळतो. दुकान अरुंद पण आत खोलवर गेलेलं, फळ्या पार छतापर्यंत भरलेल्या.

दुकान काढणाऱ्या दोघांपैकी अल्फोन्सो क्रोला हे रोमच्या आग्नेयेकडच्या डोंगराळ भागातले, पिचिनिस्कोजवळच्या एका खेड्यातले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तिथली गरीब कुटुंबं पोटासाठी स्कॉटलंडला येऊ लागली होती. कुणी हातगाडीवर आइस्क्रीम विकलं, कुणी तळलेले मासे आणि बटाटे विकणारी दुकानं काढली. रविवारीही दुकान उघडं ठेवतात म्हणून तिथली धर्मनिष्ठ मंडळी त्यांच्यावर नाराज असत. या लोकांना आपल्या गावाकडचं तेल, चीज आणि मॅकरोनी हवी असे. ती गरज क्रोला आणि त्यांचे भागीदार राफाएले वाल्वोना यांनी ओळखली.

हा धंदा दिसतो तितका सोपा नाही. पार्मेझान चीजचं अख्खं चाक चाळीस किलोच्या आसपास भरतं. ते किमान वर्षभर मुरवलेलं असतं, म्हणजे तेवढा काळ कुणाचा तरी पैसा त्यात अडकलेला असतो. चाक कापलं की कापलेली बाजू सुकायला लागते. मग ते वेळेत खपलं पाहिजे. ते कोण घेईल, किती घेईल, कुणाला कोवळं आवडतं आणि कुणाला जुनं, हे दुकानदाराच्या डोक्यात पक्कं असावं लागतं. म्हणून तो एक पातळ काप कापून पुढे करतो, ‘आधी चव बघा’ म्हणतो. यात अगत्य असतं आणि हिशोबही असतो. पहाटेपासून रात्रीपर्यंत राबणारं घर पाठीशी असेल, तरच असं दुकान उभं राहतं.

क्रोला कुटुंबाचं दुकान असं उभं राहिलं. आणि मग १० जून १९४० उजाडला.

त्या दिवशी मुसोलिनीने ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारलं. त्याच रात्री एडिंबराच्या रस्त्यांवर जमाव उतरला. इटालियन दुकानांच्या काचा फुटल्या, माल लुटला गेला. ज्या दुकानांत लोक वर्षानुवर्षं आइस्क्रीम खात होते, त्याच दुकानांवर आता दगड पडत होते. सरकारने इटालियन पुरुषांची धरपकड सुरू केली. कित्येकांची मुलं ब्रिटिश सैन्यात होती, तरी बाप तुरुंगात गेले. अल्फोन्सो क्रोलाही पकडले गेले.

यातल्या बऱ्याच जणांना ‘अरान्डोरा स्टार’ या बोटीवर चढवून कॅनडाकडे पाठवण्यात आलं. २ जुलै १९४० रोजी पहाटे आयर्लंडच्या पश्चिमेला एका जर्मन पाणबुडीने ती बोट बुडवली. आठशेहून अधिक माणसं गेली. त्यांत चारशेहून अधिक इटालियन कैदी होते आणि अल्फोन्सो क्रोलाही होते. पुढे कित्येक आठवडे आयर्लंडच्या आणि स्कॉटलंडच्या बेटांच्या किनाऱ्यांवर मृतदेह लागत राहिले. तिथल्या गावकऱ्यांनी त्या अनोळखी माणसांना आपल्या दफनभूमीत जागा दिली. एकीकडे ओळखीच्यांनी काचा फोडल्या, तर दुसरीकडे अनोळखी लोकांनी माती दिली. एकाच देशातली माणसं अशी दोन्ही तऱ्हेने वागली.

आता विचार करा, या घराने काय करावं? गाशा गुंडाळून इटलीला परत गेलं असतं, तर कुणी नावं ठेवली नसती. पण त्यांनी दुकान सोडलं नाही. युद्धानंतर अल्फोन्सोंचे चिरंजीव व्हिक्टर यांनी ते अनेक वर्षं सांभाळलं. आणि ज्या शहरात दगड पडले होते, त्याच शहराला इटालियन जेवणाची गोडी लावली. त्या काळी ब्रिटनमध्ये ऑलिव्ह तेल औषधाच्या दुकानात छोट्या बाटलीत मिळे आणि ते कानात घालण्यासाठी नेत! तेच तेल पुढे तिथल्या स्वयंपाकघरात जाऊन बसलं. ते जाहिरातींनी आणि प्रवासानेही पोचलं असेल, पण काउंटरपलीकडून पुढे केलेल्या त्या चवीच्या तुकड्याचाही त्यात वाटा आहे.

या घरात सून म्हणून आलेल्या मेरी कोंतिनी यांनी ‘डिअर फ्रान्चेस्का’ आणि ‘डिअर ऑलिव्हिया’ या पुस्तकांत घराण्याची ही हकीकत लिहिली. गंमत म्हणजे एडिंबराच्या ऑगस्टमधल्या जगप्रसिद्ध कलामहोत्सवात या दुकानातही कार्यक्रम रंगले आहेत. २०२४ साली दुकानाने नव्वदी गाठली. ‘अरान्डोरा स्टार’वर गेलेल्यांचं स्मारक ग्लासगोच्या सेंट अँड्र्यू कॅथेड्रलशेजारच्या बागेत उभं राहायला मात्र २०११ साल उजाडावं लागलं.

तेव्हा सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर काय? गिऱ्हाइकी आणि आपलेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वीस वर्षं साखर घेतली म्हणून वाईट रात्री आपण त्या दुकानदाराच्या दारात उभे राहूच, असं नाही. दुकानदार त्याच्या बाजूने रोज सकाळी फळी उघडून आपलं काम करत असतो. आपल्या बाजूचं काम मात्र बहुधा एखाद्या रात्रीच समोर येतं. बाहेरगावाहून, परप्रांतातून येऊन आपल्या गल्लीत दुकान मांडणारी माणसं आपल्याकडेही आहेत. त्यांची दुकानं ‘आमची’ म्हणताना, त्या रात्री आपण कुठे उभे असू, हे आधीच ठरवून ठेवलेलं बरं.